सायलीच्या वाटणीच्या भाकरी

शिवांजली कॉलेजातून आली, डबा मोरीपाशी ठेवला आणि आत निघून गेली. मी पाणी प्यायला गेलो तर डबा पायात आला, म्हणून उचलून कट्ट्यावर ठेवायला गेलो आणि हाताला वजन लागलं. संध्याकाळचा डबा हलका असतो हे हाताला इतकं ठाऊक असतं की वजन लागल्याबरोबर मनगट चमकलं. झाकण काढलं. वरचे कप्पे पुसून घेतल्यासारखे रिकामे होते, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात ज्वारीच्या दोन भाकरी, चौघडी घातलेल्या, त्यांच्यामध्ये शेंगदाण्याची चटणी, सकाळी गंगासागरने ठेवली तशीच. या दोन भाकरी सायलीच्या. सायली म्हणजे अर्जुनची पोरगी. नांदूरघाटहून इथे अंबाजोगाईला शिकायला आलेली, हॉस्टेलात राहणारी, मेसचं पाणचट वरण खाऊन कंटाळलेली, म्हणून माझी बायको रोज तिच्या वाटणीचं घालते. दोन वर्षं या भाकरी कधी परत आल्या नव्हत्या. उलट सायलीकडून निरोप यायचा, काकू, उद्या ठेचा घाला. आता त्या परत आल्या होत्या, वाळून कडा वर आलेल्या, आणि मी स्वयंपाकघरात चोरासारखा उभा होतो. गंगासागर शेजारी गेली होती. ती आल्यावर डबा उघडणार, विचारणार, पोरगी काहीतरी सांगणार, आणि मग घरात ते बोलणं निघणार, जे गेली दोन वर्षं आम्ही जातीच्या भांडणाच्या बातम्यांचा आवाज बारीक करून टाळत आलो. मी दोन्ही भाकरी कागदात घेतल्या, घराच्या मागे स्कूटर लावतो तिथे गेलो आणि उभ्याउभ्या खाऊन टाकल्या. घशात अडकल्या, तशा ढकलल्या. डबा विसळून पालथा घातला. फार मोठं काम फत्ते केल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. शिवांजलीला विचारलं, तर फोनमधून मान वर न करता म्हणाली, "ती डाएट करतेय." मला एकदम हायसं वाटलं. डाएट! त्यात काय, हल्लीच्या पोरी करतातच. मी स्वतःची समजूत काढायला लागलो, आणि समजूत काढण्यात मास्तर माणसाचा हात कोण धरणार? पोरींच्याच कॉलेजात भूगोलाच्या तासाला ज्वारीचा पट्टा शिकवताना मी तावातावाने बोललो, की ज्या काळ्या मातीत ही भाकरी पिकते तिथल्या पोरांना आता लाल रंगाचे नूडल्स लागतात, मोमोज लागतात, कुरकुरीत पुडे लागतात. पोरं हसली. मागच्या बाकावर एक जण पोलीस भरतीची तयारी करतो, भिजवलेले हरभरे खिशातून काढून खात होता, तोही हसला. बोलताना मला बरं वाटत होतं. दोष नूडल्सचा असला की माणसाकडे बोट जात नाही. नूडल्सला ना गाव, ना आडनाव.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं असं म्हणायचं माझं वय झालंय, आणि ते म्हणायची मला हौसही आहे. आमच्या वेळी डबा एसटीने यायचा. मी घाटनांदूरचा, वडलांचं किराणा दुकान. सकाळच्या गाडीत आई ड्रायव्हरच्या मागे डबा ठेवून द्यायची आणि इथे स्टँडवर आम्ही पोरं गाडीची वाट बघत उभे असायचो. गावोगावच्या गाड्या यायच्या आणि कंडक्टर डबे काढून चहाच्या टपरीशेजारच्या बाकड्यावर मांडायचा. सगळे खताच्या पांढऱ्या गोणीच्या पिशव्यांत. पिशवीवर शाईने घातलेली नावं धुण्यात निघून गेलेली. कुणाचा डबा कुणाचा हे पिशवीच्या शिवणीवरून ओळखायचं. गाडी उशिरा आली तर तास बुडायचा, आलीच नाही तर पोट. आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं. मी खोलीवर येऊन डबा उघडला, कालवण जरा वेगळं दिसलं, आईने वांग्याला आज वेगळा मसाला घातला असेल म्हणून मी मोठा घास घेतला. चावतोय तर वांगं तुटेना. तेवढ्यात दारात एक काळासावळा उंच पोरगा उभा, हातात माझी पिशवी. माझ्या गळ्यातल्या लिंगाकडे बघतोय, तोंडाकडे बघतोय. "आरं ए, काय खाल्लास बे तू? मटण हाय ते!" आधी तो इतका हसला की भिंतीला टेकला. मग माझं तोंड बघून घाबरला. तांब्याभर पाणी आणलं, मला मोरीवर बसवून चुळा भरायला लावल्या, पाठीवरून हात फिरवत राहिला. "तुझ्या घरी सांगू नको बे. माझ्या आईला कळलं तर मला जित्ता ठेवायची न्हाई." तो अर्जुन.

पण त्यानेच आईला सांगितलं. त्या बाईचं नाव बायनाबाई. तिला म्हणे दोन दिवस जेवण गेलं नाही. लेकराचा धरम बाटवला मी, म्हणत बसली. आणि त्यानंतर तिने एक रीत पाडली. ज्या दिवशी डब्यात मटण-कोंबडं नसेल त्या दिवशी डब्याच्या पिशवीच्या बंदाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी असली की तो डबा माझाही. आणि त्या डब्यात दोन भाकरी जास्त असायच्या, वाण्याच्या लेकराच्या. माझ्या आईच्या कानावर या भाकरींचं गेल्यावर ती मागे कशी राहील? तिनेही दोन जास्तीच्या घालायला सुरुवात केली. बायनाबाईला मी पाहिलं फार उशिरा, पण तिची चिंधी मला रोज दिसायची. गाडी स्टँडात शिरली की मी गाडीच्या खिडकीतून आधी पिशवीच्या बंदाकडे बघायचो. हिरवं दिसलं की अर्जुन ओरडायचा, "सिद्ध्या, तुझी चांदी हाय बे आज!" आम्ही एकाच झाकणात कालवण ओतून खाल्लं. परीक्षेत खाल्लं, भांडून खाल्लं, निकालाच्या दिवशी तो नापास आणि मी पास असतानाही खाल्लं. शिवांजली आणि सायली एकाच वर्गात आल्या तेव्हा गंगासागरने न सांगता दोन भाकरी जास्त थापल्या आणि मला वाटलं होतं, चला, आपल्या मागे आपलं एक काहीतरी तसंच चाललंय.

आठवडाभर परतीच्या भाकरी खाल्ल्यावर एकदा मधल्या सुट्टीत मी कँटीनमध्ये गेलो. मास्तर कँटीनमध्ये आला की पोरं जरा सावरून बसतात, मग विसरतात. नूडल्स होते, मंचुरियन होतं, एनर्जी ड्रिंकचे डबे होते, एक पोरगी पुढ्यात भाताची ताटली ठेवून आधी तिचा फोटो काढत होती, माझ्या भाषणातलं सगळं हजर होतं. पण मला दिसलं ते वेगळंच. टेबलं वाटली गेली होती. पाटी नव्हती, पण प्रत्येक टेबलाला ठाऊक होतं आपण कोण. एकेका टेबलावर फोनच्या मागचे स्टिकर सारखे, गाडीच्या किल्लीला लावलेले गोंडे सारखे. बाहेर फाटकापाशी चहाचे दोन गाडे आहेत, दोन्हींचा चहा सारखाच गोडमिट्ट, पण या गाड्याचं पोर त्या गाड्यावर जात नाही. मी रोज बघत होतो ते, दोन वर्षं, आणि मला वाटत होतं एकाकडे बिस्किटं बरी मिळत असतील. कोपऱ्यात सायली दिसली. चार पोरींत बसली होती. त्यांच्यामध्ये मेसचा डबा उघडा होता, आणि ती भाकरी खात होती. मेसची, जाड, करपलेली भाकरी, पाणचट वरणात बुडवून. डाएट नव्हतं, नूडल्सही नव्हते. तिला भाकरी चालत होती, आमची चालत नव्हती. तिने मला बघितलं आणि डोळे खाली घातले. ही पोरगी वरांड्यात सगळ्यांसमोर मला काका म्हणायची आणि मी दटावायचो, की इथे सर म्हण गं. आमची शिवांजली तिसऱ्या टेबलावर होती, तिच्यासारख्याच पोरींत, आणि तिच्या पुढ्यातला डबा खालचा कप्पा न उघडता ठेवलेला होता.

त्या संध्याकाळी मी पोरीला धारेवर धरलं. कुणी सुरू केलं हे, कोण बोललं, काय बोललं. तिचं उत्तर थंड होतं. "कुणीच काही बोललं नाही, पप्पा. एक दिवस ती तिकडं बसली. मग मी इकडं बसले. तिला तिच्या रूममधल्या बोलतात, मला माझ्या." मी म्हणालो, आम्ही असं कधी केलं नाही. तेव्हा तिने फोन बाजूला ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कुणासोबत जेवता, पप्पा? स्टाफरूममध्ये?"

स्टाफरूममध्ये एक लांब टेबल होतं, पूर्वी त्यावर सगळे जेवत. कुणाच्या डब्यात काय, कुणाची बायको माहेरी गेली, सगळं त्या टेबलावर कळायचं. निवडणुकीच्या आसपास राधाकिशन सर म्हणाले, इथे पंखा नीट लागत नाही, आणि दोघांना घेऊन खिडकीपाशी बसायला लागले. मग आणखी काही जण त्यांच्या विभागात जेवायला लागले. मलाही नकाशांच्या खोलीत शांत वाटायला लागलं. शांतच वाटायचं, खोटं कशाला बोलू? वर्तमानपत्रावर बोलणं निघालं की कोण कुठे बघतंय हे बघायचं नाही, घास गिळताना कुणाच्या शब्दाला मान हलली आणि कुणाच्या नाही हे मोजायचं नाही. माझ्यासोबत तिथे जे दोघे जेवतात ते कोण, हे मी कधी मनात म्हटलंच नव्हतं. शिवांजलीने म्हणायला लावलं. आपलीच माणसं. हा शब्द लहानपणी किती ऊबदार होता! आता तो तोंडात आला की जीभ कडू होते.

रविवारी मी नांदूरघाटला गेलो. पोरींचं जाऊ दे, मला अर्जुन बघायचा होता. मला वाटत होतं, त्याने एकदा "काय बे सिद्ध्या" म्हटलं की सगळी गाठ सुटेल, तो सायलीला दोन शिव्या घालेल, माझ्या बायकोला फोन करून ठेचा मागेल आणि सोमवारी डबा हलका येईल. अर्जुन आता अर्जुनराव आहे. दारात दोन पांढऱ्या गाड्या, ओट्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. मला बघून तो उठून उभा राहिला. दोन्ही हात जोडले. "या सर, या. लई दिवसांनी पाय लागले तुमचे." सर. मी हसून म्हणालो, "अर्जुन्या, मला सर म्हणतोस?" तो हसला, पण त्याआधी त्याची नजर खुर्च्यांवरून फिरून आली. "मान द्याया पायजे. प्राध्यापक हाव तुमी." भिंतीवर बायनाबाईचा फोटो होता, दोन वर्षांपूर्वी गेली ती. माळ ताजी होती, फोटोतल्या लुगड्याचा रंग कळत नव्हता.

जेवल्याशिवाय जायचं नाही, असा आग्रह झाला. मी मनातून सुखावलो. त्या घरची भाकरी, तो लसणाचा वास, मी आतून येणाऱ्या ताटाची वाट बघत बसलो. आणि बाहेरून एक जण मोटरसायकलवर पिशवी घेऊन आला. रस्त्यावरच्या शुद्ध शाकाहारी हॉटेलातून. चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या रोट्या, झाकणबंद डबीत पनीर, प्लास्टिकचा चमचा, पाण्याची बाटली, सीलबंद. अर्जुनने स्वतः माझ्यापुढे मांडलं. "काल घरात कंदुरी झाली, सर. बोकड पडलं. भांडीकुंडी समदी एकच. तुमाला चालायचं न्हाई. म्हून खास मागवलं." किती जपलं होतं त्याने मला! त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. ज्या माणसाने माझ्या तोंडातला मटणाचा घास चुळा भरायला लावून धुतला, त्याने आता माझ्यासाठी पाणीसुद्धा बाहेरून आणलं होतं. मला ओरडून म्हणायचं होतं, अरे, चिंधी बांध की एखाद्या डब्याला! मी बाटलीचं सील तोडलं.

माणसं जरा पांगल्यावर मी सायलीचं काढलं. त्याने खुर्ची जवळ ओढली. मग आवाज उतरला, तेवढ्यापुरता जुना झाला. "मी पोरीला काय बी सांगितलं न्हाई. आईची शपथ. पण आता तुमीच सांगा, ती ज्या पोरींत राहती त्यांच्यातच जेवली तर काय बिघडलं? उद्या कुणी दोघींचा फोटू काढला, टाकला ग्रुपवर, खाली चार ओळी लिहिल्या, मग? आमच्यातले तिला बोलत्याल, तुमच्यातले शिवांजलीला. मला बी रोज ह्या माणसांत बसायचंय. तुमाला कॉलेजात बसायचंय. पोरीच्या जातीला कशाला ताप?" मी विचारलं, "आणि आपण खाल्लं ते?" तो म्हणाला, "तवा भूक होती." पनीर गार झालं होतं, त्यावर तेलाचा थर आला होता. मी सगळं संपवलं. टाकलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, आणि त्याला वाईट वाटू नये एवढंच आता माझ्या हातात राहिलं होतं. निघताना त्याने पुन्हा हात जोडले. खुर्च्या पुन्हा भरल्या होत्या.

घरी आलो तेव्हा गंगासागर ज्वारी निवडत बसली होती. मी चप्पल काढता काढता म्हणालो, "उद्यापासून दोन भाकरी कमी टाक." तिने मान वर केली नाही.

"कावून?"

"सायली जेवत नाही डब्यातलं."

"मला माहीत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवशीपासून. शिवांजलीनं येऊन सांगितलं मला, मम्मी घालू नको म्हून."

"मग घालतेस कशाला?"

तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "खिडकीतून दिसतंय की मला. स्कूटरच्या मागं तोंड करून उभं राहून खाता. म्हणलं माणूस खातंय तर खाऊ द्यावं, इचारून तोंड कावून कडू करायचं?" आणि मग, "रोज तुमी कॉलेजात जाताना मला वाटायचं, आज तरी बोलतील काहीतरी. सायलीशी न्हाई तर माझ्याशी तरी."

म्हणजे पोरगी आणत होती, मी लपवून खात होतो, बायको बघत होती, आणि तिघेही एकमेकांना सांभाळत होतो. अर्जुनच्या घरच्या सीलबंद बाटलीवर मी वाटभर चिडत आलो होतो.

सकाळी शिवांजलीसाठी एक लहान प्लास्टिकचा डबा भरलेला होता, एका माणसाचा. आणि मोठा डबा गंगासागरने माझ्या पिशवीत घातला. सगळे कप्पे लावून, चार भाकरी घालून. "तुमीच घेऊन जा. मास्तर हाव, तुमाला कोण काय म्हणतंय? दिसली तर बोलवा लेकराला. न्हाईच आली तर तुमी खा, पण बसून खा." मला तिचं म्हणणं पटलं. वाटेत मी ठरवत गेलो, तिला कसं हाक मारायचं, दटावून मारायचं की हसून. स्टाफरूममध्ये लांब टेबलावर बसायचं असंही ठरवलं, राधाकिशन सरांनाही चतकोर द्यायची. पण मधल्या सुट्टीत पाय नकाशांच्या खोलीकडेच वळले. माझे दोघे सोबती त्या दिवशी परीक्षेच्या कामाला गेले होते, खोलीत मी एकटाच. दार उघडं ठेवलं, एवढं केलं. डबा उघडून टेबलावर मांडला, खालचा कप्पाही.

आणि सायली दारात आली. खरंच आली. हातात प्रॅक्टिकलची वही होती. तिने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डब्याकडे. खालच्या कप्प्यातल्या घड्या तिने ओळखल्या, चटणीचा वास तिच्यापर्यंत गेला असणार. अर्जुनसारखेच डोळे आहेत तिचे, पटकन हसणारे, पटकन घाबरणारे. ती जरा थांबली. वही द्यायला एवढं थांबावं लागत नाही. तिच्या मागे वरांड्यात तिच्या त्या चार पोरी उभ्या होत्या, एकीच्या हातात फोन होता, ती नुसतीच त्यात बघत होती. पलीकडून राधाकिशन सर येत होते. "ये, जेव" हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. दोनच शब्द, आमच्या घरात भिकाऱ्यालाही म्हणतात ते.

"सर, तुम्ही जेवताय... नंतर येऊ का?"

"हो," मी म्हणालो, "नंतर ये."

ती गेली. मी उठलो, दार लावलं, कडी घातली, आणि बसून चारही भाकरी खाल्ल्या.